बाटलीवरचं नाव

रोज सकाळी लास्याची वेणी घालायच्या आधी नीलवेणी तिची नडगी दाबून बघायची. अंगठा टेकवायचा, दहापर्यंत मोजायचं, उचलायचा. खळगा राहिला नाही तरच वेणीला हात. मग डोळ्यांखाली सूज आहे का ते बघायचं, मग शाळेला निघेपर्यंत पोर किती वेळा मोरीत गेली ते मोजायचं. नऊ वर्षांच्या पोरीला या सगळ्याचा वैताग यायचा. "अम्मा, मी काय फणस आहे का, पिकलाय का बघायला?" ती म्हणायची. नीलवेणी हसायची आणि दुसरी नडगी दाबायची.

मामिडिपुट्टुगा गावात याचं कोणाला नवल वाटलं नसतं. आंध्रच्या किनाऱ्यावरच्या उद्दानमच्या या पट्ट्यात नारळी आणि काजूच्या सावलीत वाढलेली धडधाकट माणसं चाळिशी गाठता गाठता मूत्रपिंडं गमावून बसतात. कोणी पाण्याला बोल लावतं, कोणी फवारणीला, कोणी अंगदुखीच्या गोळ्यांना. शहाणीसुरती माणसं येऊन विहिरीचं पाणी बाटल्या भरभरून घेऊन गेली, उत्तर घेऊन कोणी परत आलं नाही. तोवर आम्ही आकडे शिकलो. इतर गावांत माणूस भेटला की जेवलास का विचारतात, आमच्याकडे "किती पाइंट?" विचारतात. म्हणजे रक्तातलं क्रिएटिनिन किती. दीडवाला दोनवाल्याकडे दयेनं बघतो, दोनवाला पाचवाल्याकडे, आणि पाचवाला कोणाकडेच बघत नाही. सोयरीक जमवताना पत्रिका मागून बघतात, तपासणीचे कागद आधी. "आमच्या जावयाला पाय धुवायला पाणी नंतर, लघवीची बाटली आधी," असं म्हातारे म्हणतात आणि वर हसतात.

नीलवेणी काजूच्या कारखान्यात साल काढायला बसायची. भाजलेल्या गरावरची तांबूस साल लहान सुरीनं सोलायची आणि गर अख्खा ठेवायचा, एवढंच काम, पण हात शांत लागतो. तिचा स्वतःचा आकडा दोन पाइंट तीन होता. तो ती बाजारातला कांद्याचा भाव सांगावा तसा सांगायची. गोळ्या घ्यायची, सुकी मासळी तिनं केव्हाच सोडली होती, नवरा जोगाराव नारळाचा टेम्पो घेऊन आठ आठ दिवस बाहेर असायचा त्याची तक्रार नव्हती. स्वतःच्या मरणाची तिला भीती वाटत नव्हती असं नाही, पण ती भीती तिच्या ओळखीची होती, घरातल्या मांजरासारखी. तिचा जीव उडायचा तो फक्त लास्याच्या आकड्यानं, आणि तो आकडा तिनं नऊ वर्षांत एकदाही काढला नव्हता.

न काढण्याचं कारण तिला एकटीला माहीत होतं.

नऊ वर्षांपूर्वी नीलवेणी पहिल्यांदा पोटुशी राहून माहेरी आली, तेव्हा तिची आई दालम्मा हिचा आकडा नुकताच निघाला होता, पाच पाइंट. घरात दालम्मा, नीलवेणी आणि चौदा वर्षांची धाकटी हैमावती. सरकारी शिबिर लागलं, पोटुश्या बायांनी लघवीची बाटली द्यायची होती. नीलवेणीचे पाय तेव्हा मडक्यासारखे सुजले होते. शेजारणी म्हणत होत्या, पायांत नीर उतरलं म्हणजे मुलगाच. दालम्मा तसं म्हणाली नाही. ती एवढंच म्हणाली, "आईचा आकडा निघाला. आता थोरलीचाही निघाला तर धाकटीला कोण दारात उभी करील?" तिनं हैमावतीला गोठ्यामागे नेलं, बाटली भरून घेतली आणि नीलवेणीच्या हातात दिली. "झाकली मूठ सव्वा लाखाची. कुठं बोलू नका." बाटलीवर चिकटपट्टी लावून नाव नीलवेणीनंच लिहिलं, स्वतःचं, चांगल्या ठळक अक्षरात.

निकाल अर्थात स्वच्छ आला. साडेसात महिन्यांवर तिला चक्कर येऊन डोळ्यांपुढे काजवे चमकले, गाडीत घालून जिल्ह्याच्या मोठ्या इस्पितळात नेलं, आणि लास्या झाली. वजन एक किलो तीनशे. काचेच्या पेटीत सव्वा महिना. तिथल्या डॉक्टरनं नीलवेणीला समोर बसवून सांगितलं होतं, की तुझ्या मूत्रपिंडांना आधीपासून दुखणं आहे, त्यानं रक्तदाब चढला आणि पोटातल्या बाळाला रक्त पुरेसं पोचलं नाही. असं बाळ अपुरं जन्मतं, त्याच्या मूत्रपिंडांत गाळण्या कमी घडतात. कमी गाळण्यांनी जन्मभराचं काम ओढायचं, म्हणजे त्या लवकर थकतात. "दरवर्षी हिची लघवी आणि रक्तदाब तपासायचा. विसरायचं नाही." ती विसरली नाही. दरवर्षी तिला आठवायचं, दरवर्षी ती म्हणायची, पुढच्या महिन्यात जाऊ. लास्या पळत होती, खात होती, वर्गात बुटकी होती पण काही पोरं असतातच बुटकी. माणसाला न बघण्याची कारणं कधी कमी पडत नाहीत. नडगी दाबणं हा तिनं स्वतःच काढलेला मधला मार्ग होता, आणि त्यात काही अर्थ नाही हे तिला आतून ठाऊक होतं. म्हणून तर ती रोज दाबायची.

दालम्मा पुढं तीन वर्षांत गेली. हैमावतीचं लग्न मात्र झालं, आणि उद्दानमच्या बाहेर झालं, पार्वतीपुरमकडे, ही त्या घराची सगळ्यात मोठी कमाई. सातव्या महिन्यात बांगड्या भरून ती पहिल्या बाळंतपणाला आली ती अक्काकडे, कारण आई नाही तिथं थोरली बहीणच आई.

येताना सासूनं बजावलं होतं. "माहेरी जा, पण तिथलं पाणी पिऊ नको. आणि दर तपासणीच्या कार्डाचा फोटो काढून पाठव." तोवरच्या सगळ्या तपासण्या स्वच्छ होत्या. पण इथं येऊन पंधरा दिवस झाले आणि तिचे पाय सुजायला लागले. पैंजण रुतायला लागले तेव्हा तिनं ते काढून ठेवले. नीलवेणीनं ते बघितलं. त्या दिवसापासून घरात दोघींच्याही पायाला भिंगरी लागली. एक बसली की दुसरी उठायची, केर दोनदा निघायचा, दाराशी कोणी खाकरलं तरी दोघी दचकायच्या.

शिबिराच्या आदल्या दिवशी मागच्या पडवीत दोघी भाजीचा कच्चा फणस चिरत होत्या. हाताला तेल लावलेलं, विळी मध्ये.

"अक्का, उद्या शिबिर आहे," हैमावती म्हणाली.

"माहीत आहे."

"माझे पाय बघ."

"सातव्यात सगळ्यांचेच सुजतात."

"तुझे सुजले होते."

नीलवेणीचा हात थांबला. हैमावती आवाज खाली आणून म्हणाली, "अक्का, लास्याची बाटली दे. लहान पोरांची नारळपाण्यासारखी स्वच्छ असते. माझं नाव लावते, काम होऊन जाईल."

"नको."

"का नको? मी चौदा वर्षांची होते. अम्मानं गोठ्यामागे नेलं, भर म्हणाली, मी भरली. कशाला म्हणून विचारलंसुद्धा नाही. लास्या लवकर झाली, पण तुझं सगळं नीट पार पडलं. आता माझ्यावर वेळ आली तर नको?"

इथं नीलवेणीनं तोंड उघडायला हवं होतं. नीट काही पार पडलं नाही गं, एवढं एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य बोललं की पुढचा प्रश्न येणार होता, मग लास्याला दाखवलंस का? म्हणून ती काय म्हणाली, तर, "फणस काळा पडतोय, हात चालव."

"सासूला तू ओळखत नाहीस, अक्का. एक रेघ वाकडी दिसली की म्हणेल, आडात तेच पोहऱ्यात. मला इथंच ठेवून घेशील जन्मभर?"

"बघू," नीलवेणी म्हणाली. आमच्या बायकांचं हे 'बघू' फार वाईट. ऐकणारीला त्यात हवं ते ऐकू येतं.

दुसऱ्या दिवशी शनिवार, शाळेला सुट्टी. नीलवेणी कारखान्यात गेली, पण गर सुरीखाली मोडत होते. दुपारपर्यंत तिच्या टोपलीत अख्ख्यापेक्षा तुकडाच जास्त झाला. देखरेख करणारा मेस्त्री वाकून म्हणाला, "नीलवेणी, आज काजूचा रवा काढायचा बेत आहे का?" बाया हसल्या. ती सुरी खाली ठेवून उठली, डोकं दुखतंय म्हणाली आणि घराकडे चालायला लागली. पाऊण वाट चालल्यावर आपण पळतोय हे तिच्या लक्षात आलं.

लास्या पायरीवर बसून चॉकलेट चघळत होती.

"कोणी दिलं?"

"पिन्नीनं," लास्या म्हणाली. मावशीला ती पिन्नी म्हणायची. मग जरा थांबून, "मी बाटलीत शू केली म्हणून. पण ते गुपित आहे. तुला सांगायचं नाहीये."

नीलवेणी घरात गेली. हैमावती पाटावर पाय पसरून बसली होती, कितीतरी दिवसांनी निवांत. "रागावू नको, अक्का. देऊन आले. आता महिनाभर काळजी नाही."

तिला झापावं की तिच्या पाया पडावं, नीलवेणीला कळेना. एवढंच डोक्यात घुमत होतं की बाटली गेली. नऊ वर्षं जी आपण जाऊ दिली नाही ती गेली, आणि आता शिबिर लागलेल्या शाळेच्या व्हरांड्यात कोणीतरी तिच्यात पट्टी बुडवत असेल. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. तिनं पाणी प्यायला तांब्या उचलला आणि तसाच ठेवला. दारात गेली, परत आली. हैमावती म्हणाली, "बस की जरा, तुझ्याकडे बघूनच मला गरगरतंय."

तेवढ्यात आशा वर्कर कोटेश्वरम्मा आली. पंधरा वर्षं गावाच्या बाटल्या गोळा करणारी बाई, चालण्यावरूनच कळायचं की बातमी कशी आहे. आज ती सावकाश चालत होती. ती बसली, पाणी मागितलं, प्यायली, आणि लास्याला म्हणाली, "जा गं, बाहेर खेळ."

"हैमावती, घाबरायचं नाही. पण पट्टी हिरवी झाली. मी दुसरी लावली, तिसरी लावली. प्रोटीन जातंय. दोन प्लस."

हैमावतीनं छातीवर हात ठेवला आणि चक्क हसली. "हात्तिच्या. मग ते माझं नाही, बाई. ती बाटली माझी नव्हतीच."

हे म्हणून तिनं बहिणीकडे बघितलं आणि तिचं हसू जागीच विरलं.

नीलवेणी भिंतीला टेकून खाली बसली होती. कोटेश्वरम्मा म्हणाली, "माझी नव्हती म्हणजे काय? नाव तुझं आहे त्यावर."

"लास्याची आहे," नीलवेणी म्हणाली.

बाहेर लास्या शेजारच्या पोरींना मोठमोठ्यानं खेळाचे नियम समजावत होती. मग कोटेश्वरम्माचा बांध फुटला. "पंधरा वर्षं मी वह्या भरतेय. या गावातले अर्धे आकडे दुसऱ्याच्याच अंगातले आहेत की काय? बाटली बदलली म्हणून रोग बदलतो का गं, शहाण्यांनो?" मग नीलवेणीचा चेहरा बघून तिनं आवाज उतरवला. "ऐक. एका पट्टीनं ठरत नाही. पोर उन्हात धावली असेल, अंगात कसर असेल, तरी येतं. सोमवारी सकाळची पहिली लघवी घेऊन जिल्ह्याच्या मोठ्या इस्पितळात जा. दोघींची न्या. ज्याची त्याची."

शनिवारची दुपार आणि अख्खा रविवार नीलवेणीनं कसा काढला ते तिचं तिला माहीत. ती कारणं गोळा करत होती. काल पोर उन्हात होती. परवा नाक गळत होतं. चॉकलेटानं झालं असेल, इथवर मजल गेली. लास्याला ती सारखी बस म्हणायची, झोप म्हणायची, आणि झोपली की नाकापाशी बोट धरून बघायची. हैमावती तिच्या मागेमागे फिरत होती. "अक्का, मला खरंच माहीत नव्हतं गं," असं ती दहा वेळा म्हणाली. नीलवेणीला तिचा राग आला नव्हता. राग यायला बहिणीनं काहीतरी नवीन केलेलं असायला हवं होतं.

सोमवारी पहिल्या बसनं तिघी गेल्या. दोन बाटल्या, दोन चिकटपट्ट्या. इस्पितळात तरुण डॉक्टरीण होती, रात्रपाळी करून डोळे तांबारलेले, पण बोलायला मऊ. हैमावतीची लघवी स्वच्छ निघाली, रक्तदाब सरळ. "पाय सुजलेत ते बाळाच्या वजनानं. बसताना उशीवर ठेवा," एवढंच. जे लपवायला हैमावतीनं एवढा उपद्व्याप केला ते मुळात नव्हतंच. तिनं ते ऐकलं आणि तिला धड आनंदही होईना, ती लास्याच्या पाठीवर हात फिरवत राहिली.

लास्याच्या दंडाला लहान मुलांचा पट्टा बांधून डॉक्टरणीनं तीनदा रक्तदाब मोजला. पोटावर यंत्र फिरवलं. रक्त काढलं. मग दुपारी सगळे कागद आले तेव्हा लास्याला बाहेरच्या बाकावर बसवून दोघींना आत बोलावलं.

"रक्तदाब वयाच्या मानानं जास्त आहे. आजही प्रोटीन जातंय. मूत्रपिंडं दोन्ही लहान आहेत, पण काम करताहेत. रक्ताचा आकडा अजून फार बिघडलेला नाही. गोळी सुरू करायची, मीठ कमी, दर तीन महिन्यांनी इथं. नेमानं केलं तर वीस-पंचवीस वर्षं, कदाचित त्याहून जास्त, हिला त्रास होऊ न देता ओढता येईल. पण नेमानं."

नीलवेणीनं मान हलवली. डॉक्टरणीनं कोरी फाइल पुढं ओढली.

"जन्माच्या वेळी वजन?"

"एक किलो तीनशे."

"महिने?"

"साडेसात."

"पोटात असताना तुझी लघवी तपासली होती?"

"शिबिरात तपासली होती."

"काय आलं होतं?"

"स्वच्छ."

डॉक्टरीण लिहायला लागली आणि थांबली. नीलवेणीचं स्वतःचं जुनं कार्ड तिच्यापुढं होतं, दोन पाइंट तीनचं. "तुझं दुखणं तर तेव्हाचं दिसतंय. मग स्वच्छ कसं?"

हा प्रश्न नऊ वर्षांपूर्वी याच इस्पितळात दुसऱ्या कोणी विचारला होता, आणि तेव्हा ती गप्प बसली होती. आता शेजारी हैमावती बसली होती, पोटावर हात ठेवून. खरं सांगितलं तर बहीण जन्मभर स्वतःला खात राहील, नाही सांगितलं तर फाइलच्या पहिल्या पानावरच खोटं बसेल आणि पोरीवर इलाज त्या खोट्यावर होईल.

"ती बाटली माझी नव्हती," ती म्हणाली.

"मग कोणाची?"

हैमावती कागदाकडे बघत होती, कागदावरून अक्काकडे, आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू सगळं उमटलं, गोठा, आई, आणि काचेच्या पेटीतली मुठीएवढी भाची.

"माझी," ती म्हणाली. "माझी होती."

डॉक्टरीण रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं लिहिलेलं खोडलं आणि शांतपणे नीलवेणीला म्हणाली, "ती बाटली तुझी असती तर तेव्हाच औषध मिळालं असतं, बाळाला आणखी काही आठवडे पोटात ठेवता आलं असतं कदाचित. नक्की सांगता येत नाही. पण नंतरची नऊ वर्षं? ती तपासणी तर पोरीची होती. ही गोळी तिला केव्हाच सुरू झाली असती."

नीलवेणीला वाटलं होतं की दोष त्या बाटलीचा आहे. नऊ वर्षं तिनं त्या एका सकाळीला शाप दिले होते, आईला दिले, गावाला दिले. दर वर्षाच्या 'पुढच्या महिन्यात जाऊ'ला तिनं कधी दोष दिला नव्हता, आणि ते मात्र तिचं एकटीचं होतं.

ती बाहेर आली. हैमावती आतच राहिली. बाकावर लास्या दंडावरचा कापूस धरून पाय हलवत बसली होती. तिनं आईकडे नीट निरखून बघितलं.

"सुई मला टोचली आणि रडतेस तू?"

"काही नाही. घरी गेल्यावर सांगते," नीलवेणी म्हणाली. दोन पावलं गेली, आणि थांबली. परत आली, पोरीच्या शेजारी बाकावर बसली आणि तिथंच, माणसांच्या गर्दीत, तिला पहिल्यापासून सांगायला लागली.